झेलानंतरची धाव

माझा कामाचा पास महिनाअखेरीला संपत होता. सिंगापुरात नोकरीवर आलेल्या माणसाचं सगळं त्या पासवर लटकलेलं असतं. कंपनीनं वाढवून घेतला तर राहायचं, नाहीतर बॅग भरायची. आणि कंपनीचं म्हणणं असं, की क्लायंटनं होकार दिला तर वाढवू. क्लायंट म्हणजे अमेरिकेतली एक बाई. आणि होकार द्यायचा होता तो सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका बेसबॉलच्या सामन्याला.

बेसबॉल मी जन्मात बघितला नव्हता.

आमचं ऑफिस बुओना व्हिस्टाला. तिथं म्युझियमसाठी आवाजाच्या गोष्टी बनवायचे. भिंतीवरचं बटण दाबलं की जुनं बंदर ऐकू येतं, जुना बाजार ऐकू येतो, असलं काहीतरी. मी टेस्टर. म्हणजे दिवसभर ती बटणं दाबायची, आणि बंदराच्या जागी बाजार वाजला की बग म्हणून नोंदवायचा. बटणं दाबायला तोंड लागत नाही, त्यामुळं माझं तोंड मोकळंच असायचं. मी नकला करायचो. कॉफी मशीनची, लिफ्टची, एमआरटी गाड्यांतल्या सूचनांची. त्या सूचना चार भाषांत असतात, मी चारही करायचो, तमिळसकट, अर्थ न कळता.

एकदा क्लायंटबाई कॉलवर होत्या. नाकात बोलायच्या, आणि दर दोन वाक्यांनी "मला यात काही दम वाटत नाही" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायच्या. आम्ही म्यूटवर आहोत असं समजून मी त्यांचं वाक्य त्यांच्याच नाकानं परत म्हणून दाखवलं. आम्ही म्यूटवर नव्हतो.

आमची टीम-लीड पुण्याची. पहिल्याच दिवशी मी तिला मॅडम म्हटल्यावर "मॅडम शाळेत असतात" म्हणाली, तेव्हापासून ताई. ताईनं डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांपुढं थेट विमानतळ आला.

पलीकडून बाई म्हणाल्या, "हा कोण होता? मला हा हवाय."

तर असा मी त्या सामन्यात घुसलो.

बाईंना काय हवं होतं ते सांगतो. त्यांचं गाव खाणीचं. एके काळी गावची पगारी टीम होती, आणि तिचा एक सामना दूर नदीकाठच्या शहरात झाला होता. तेव्हा रेडिओ नव्हता. मग गावातले लोक काय करायचे, तर वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर रस्त्यात उभे राहायचे. तिकडं काही घडलं की तारेनं इकडं चिठ्ठी यायची, आणि एक माणूस गॅलरीत उभा राहून भोंग्यातून ती ओरडून सांगायचा. पुढं काय होणार ते त्यालाही ठाऊक नसायचं. बाईंना तो माणूस हवा होता, आणि त्याच्यासमोरची गर्दी.

"म्हणून मी शेवट सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "मी एकेक ओळ टाइप करीन, तू ओरडायचं. आणि इंटरनेटवर शोधायचं नाही."

ताईनं मला नियमांची दोन पानं दिली. "वाच. पाठ कर. आणि आगाऊपणा नको."

मी वाचली. पहिल्या पानातच खात्री पटली, की हे आपल्या क्रिकेटचंच मावसभावंड आहे, फक्त नीट वळण लागलेलं नाही. यांच्यात गोलंदाज सरळ फेकतो आणि कुणी नो-बॉल देत नाही. आपल्याकडं बॅटची कड लागून मागं गेला की चौकार, यांच्यात तो फुकट. बाकी सगळं तेच. बॅटनं मारायचं, बेस नावाचे तीन थांबे करत घरी पळत आलं की धाव, झेल गेला की बाद. झेलाचं एवढं वाचलं आणि पान उलटलं. झेल काय मला शिकवणार? आमच्या तालुक्याला दरवर्षी टेनिस बॉलच्या स्पर्धा व्हायच्या, त्यात माईक माझ्याकडं असायचा. "चेंडू उंच, चेंडू बाभळीत, आणि आता खेळाडू बाभळीखाली!" हे मी आठवीत असल्यापासून करत आलोय.

डेमोच्या दिवशी आमची सकाळ होती, बाईंची संध्याकाळ. मी काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. काचेपलीकडं ताई, तिच्या मागं मोठे साहेब. साहेब कधी आमच्या मजल्यावर यायचे नाहीत. ते आले म्हणजे काय, हे मला न सांगता कळलं.

पहिली ओळ आली. मी सुरू केलं. तोंडात सुपारी धरल्यासारख्या अमेरिकन इंग्रजीत करत होतो, इथं मराठीत सांगतो. सुरुवातीला जमत नव्हतं. आवाज कोरडा. खाणीवाल्यांचे तीन बॅटर आले तसे गेले. नदीवाल्यांनी एक धाव काढली, मग अजून एक. काचेपलीकडं साहेबांनी मोबाईल काढला.

मग मी एक केलं. समोर आमच्या गावचं मैदान आहे असं धरलं. बोअरिंगच्या पाइपांवर बसलेली पोरं, ट्रॅक्टरच्या टपावरची माणसं. अशा गर्दीला कोरडं सांगून चालत नाही, उठून जाते चहाला. मी ओरडायला लागलो. फेकणारा कपाळ पुसतोय, टोपी खाली ओढतोय, असलं चिठ्ठीत नसलेलं पण घालायला लागलो. खाणीवाल्यांनी एक धाव फेडली. आठव्या डावात दुसरी. बरोबरी! ताईनं अंगठा वर केला. साहेबांनी मोबाईल खिशात टाकला.

नववा डाव, म्हणजे शेवटचा. खाणीवाले खेळायला आले आणि काही न करता परतले. आता नदीवाले बॅटिंगला. त्यांनी एक धाव काढली की खेळ खलास.

ओळ आली. त्यांच्या पहिल्याच बॅटरनं लांब मारला, थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. तोवर मी खाणीवाला झालो होतो, कधी झालो ते कळलं नव्हतं. पुढची ओळ. दुसऱ्या बॅटरनं चेंडू नुसता टेकवला, स्वतः बाद झाला, पण रनर तिसऱ्या बेसवर सरकला. म्हणजे आता घर एका पळण्यावर. एक बाद, बरोबरी, आणि समोर त्यांचा सगळ्यात दांडगा बॅटर.

यापुढं बाई मुद्दाम थांबायला लागल्या. स्क्रीनवर त्या टाइप करतायत एवढं दिसायचं, मग तेही थांबायचं. मी काय करू? मी गर्दीला धरून ठेवत होतो. "मंडळी, तार शांत आहे. तार अजून शांत आहे." माझाच आवाज मला बारीक ऐकू यायला लागला. ताईनं काचेला हात टेकवला होता.

ओळ आली: उंच फटका, डाव्या बाजूला, लांब.

"गेला!" मी ओरडलो. "उंच गेला, लांब गेला, आपला माणूस मागं पळतोय, मागं, मागं—"

ओळ आली: झेलला.

त्यानंतर मी इंग्रजी विसरलो. "झेऽऽल! घेतला रे! बाद! बाद! गेला घरी!" असा मराठीत बोंबललो, खुर्चीवरून उठलो, हेडफोनची वायर ताणली गेली. मग भान आलं तसं पुन्हा इंग्रजीत, "मंडळी, श्वास घ्या, काही झालेलं नाही, बरोबरी कायम आहे, तो तिसऱ्यावरचा बिचारा आहे तिथंच राहिला—"

शेवटची ओळ आली: झेलानंतर तिसऱ्या बेसवरचा रनर घरी. तीन-दोन. सामना संपला.

मी ती ओळ वाचली. परत वाचली. झेल गेलाय, बॅटर बाद आहे, मग हा घरी कसा? चेंडू तर मेला ना? आणि मी शेवटी टेस्टर माणूस. इतक्या महिन्यांच्या सवयीनं जे तोंडातून निघालं ते निघालं. मी माईकमध्ये अदबीनं म्हणालो, "मॅम, इथं बग आहे. झेल झाल्यावर धाव मोजली गेलीय."

काचेपलीकडं ताईनं कपाळाला हात लावला. साहेब ताईला काहीतरी विचारत होते आणि ताई माझ्याकडं बघतच नव्हती.

"बग नाही," बाई अखेर म्हणाल्या. "उंच झेल गेला की रनरला पळता येतं. झेल होईपर्यंत बेसला पाय लावून थांबायचं, आणि मग पळायचं. आमच्याकडं पाच वर्षांच्या पोराला माहीत असतं."

"सॉरी मॅम."

"आमचं गाव असंच हरलं."

मी नियमांची पानं उलटली. झेलाच्या ओळीखालीच हे लिहिलेलं होतं.

"झेल गेल्यावर तू काय ओरडलास? कुठल्या भाषेत?"

"मराठीत. आउट झाला, घरी गेला, असं."

मग बाई हळू बोलायला लागल्या, नाकातून नाही, वेगळ्याच आवाजात. त्यांच्या गावात तेव्हा अर्धे लोक नुकतेच बोटीतून उतरलेले होते. खाणीत राबायचे, सुट्टीच्या दिवशी त्या कचेरीसमोर उभे राहायचे. खेळ कळायचा नाही, पण टीम गावची, म्हणजे आपली. त्या झेलाला ते नाचले असणार. आणि शेजारी उभे असलेले जाणते लोक गप्प झाले असणार. "ती गर्दी मला हवीय," त्या म्हणाल्या. "इथले नट मला नाचून दाखवतात. पण त्यांना पुढचं माहीत असतं, ते ऐकू येतं. ओरडून सांगणारा मी इथला घेईन, तू नाही चालणार. पण तो झेलाचा आनंद मला पाठवा. शुक्रवारपर्यंत. तसाच, खरा. मग मी सही करते."

डेमोचा माईक तेव्हा नुसता कॉलला जोडलेला, रेकॉर्डिंग कुणी लावलं नव्हतं. पण साहेब जाताना माझ्या खांद्यावर थापटून गेले, म्हणजे सोपं काम होतं. एकदाच ओरडायचं, बस.

मी ओरडलो. ताईनं ऐकलं आणि मान हलवली.

"काय झालं?"

"गणपतीच्या नाटकात वडील वारल्याची तार येते ना, तसं वाटतंय. फक्त उलट."

पुन्हा ओरडलो. मोठ्यांदा, हळू, हसून, नाचून. मी कुणाचीही नक्कल करतो, हेडमास्तरांपासून लिफ्टपर्यंत, पण त्या दिवशीचा मी, त्याची नक्कल मला येईना. तोंड "झेल" म्हणायचं आणि डोकं म्हणायचं, पळाला तो. ताईनं हेडफोन काढून ठेवला. "तुला आता कळतंय, म्हणून येत नाही. ज्याला माहीत नाही असा माणूस आण. क्रिकेटचा वेडा पाहिजे, आणि ही गोष्ट न ऐकलेला."

"ऑफिसात ढीग आहेत की!"

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

डेमो संपल्यावर तासाभरात मी पॅन्ट्रीत उभा राहून अख्खा किस्सा करून दाखवला होता, "मॅम, इथं बग आहे" सकट. दोनदा. लोकांनी आग्रह केला म्हणून. संध्याकाळी मराठी पोरांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. तो जुराँगपासून तांपिनेसपर्यंत, म्हणजे बेटभर फिरला. सिंगापुरात क्रिकेट कळणारा पण बेसबॉलचा हा नियम न कळणारा मराठी माणूस असा एकही मी स्वतःच्या हातानं शिल्लक ठेवला नव्हता.

"शहाण्या," ताई म्हणाली. "पास तुझा आहे हो, माझा नाही."

एक होती. मामी. मी पुंगोलला तिच्याकडंच राहायचो. मामी तांजोंग पगारला अकाउंट्समध्ये, आणि तो आठवडा तिच्या क्लोजिंगचा, म्हणजे महिन्याचे हिशोब मिटवायचा. क्लोजिंगच्या आठवड्यात मामी कुणाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. आणि क्रिकेटचं म्हणाल, तर मामीच्या घरात शेवटच्या षटकांत कुणी जागा सोडायची नाही असा कायदा आहे. एकदा मामा बाथरूममध्ये होता आणि समोरच्यांची विकेट पडली, तर त्याला सामना संपेपर्यंत तिथंच ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी ताई माईक घेऊन घरी आली. मामी ऑफिसच्या साडीचा पदर खोचून सोफ्यावर बसली. दर गुरुवारी ती साडीच नेसते. "दमलेय रे मी. काय करायचंय?"

"काही नाही मामी. मी एक जुनी मॅच सांगतो. तुम्ही फक्त ऐका. टीव्हीसमोर जे बोलता ते बोला."

"कुठली मॅच? आपण जिंकलो का?"

"ते सांगायचं नाही."

"मग खाणीवाले आपले, असं?" तिला एवढं पुरलं.

ताईनं रेकॉर्डिंग लावलं. एकच संधी होती. एकदा शेवट कळला की मामीही वाया. मी सुरू केलं, या वेळी मराठीत, आमच्या मैदानावरच्या आवाजात. पण आता मला शेवट माहीत होता आणि तो चेहऱ्यावर येऊ द्यायचा नव्हता. मामी पहिल्या डावाला सोफ्याला टेकून होती, चौथ्याला पुढं सरकली. बरोबरी झाली तेव्हा "शाब्बास रे माझ्या कोळशांनो!" म्हणाली. ताई गालात हसली.

आणि आठव्या डावात दार उघडलं. माझी मामेबहीण, वय वर्षं नऊ, शाळेच्या सॉफ्टबॉलवरून आली. हातात ग्लव्ह. सॉफ्टबॉल म्हणजे त्याच खेळाचं घरगुती रूप. नियम तोच.

माझे शब्द क्षणभर बंद पडले.

"थांबलास का?" मामी ओरडली. "ए, तू तिथंच उभी राहा! जागा सोडायची नाही!"

पोरगी दारातच उभी राहिली. ऐकायला लागली. मी सांगतोय, पहिला दुसऱ्या बेसवर, मग टेकवला, रनर तिसऱ्यावर. पोरीचे डोळे बारीक झाले. तिला कळत होतं कुठं चाललंय ते.

"दादा, वन आउट ओन्ली ना?" ती म्हणाली. "देन इफ ही हिट फार—"

ताई माईक सोडून उठली. दबक्या पावलांनी दारात गेली, टेबलावरचा नारळाच्या जॅमचा काया टोस्ट उचलून पोरीच्या तोंडात दिला आणि तिचा ग्लव्ह छातीशी धरून तिच्याजवळ उकिडवी बसली. पोरगी चावत होती आणि माझ्याकडं बघत होती.

"उंच मारला," मी म्हणालो. "डावीकडं, लांब. आपला माणूस मागं पळतोय."

"धर रे," मामी पुटपुटली. दोन्ही मुठी तोंडाशी. "धर बाळा, धर, सोडू नकोस, धर—"

"झेल!"

मामी सोफ्यावरून उडाली. "घेतला! घेतला गं बाई! बाऽऽद! चल निघ, निघ घरी!" टाळ्या वाजवत, हसत, ताईकडं वळून, "बघितलंस? कसा घेतला!" जसं काही ताईनं खरंच बघितलं होतं. मी तिच्याकडं बघत उभा होतो. पुढचं वाक्य माझ्याच तोंडात होतं, आणि मला ते म्हणायचं नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, त्या गॅलरीतल्या माणसानं चिठ्ठी हातात धरून किती वेळ लावला असेल.

"तिसऱ्यावरचा पळाला," मी म्हणालो.

"पळू दे! बाद झालाय!"

"बाद झाला तो बॅटर. हा घरी पोचला. तीन-दोन. आपण हरलो, मामी."

मामीचे हात हवेतच राहिले. मग खाली आले. "असं कसं?" ती अगदी हळू म्हणाली. मग तिनं आवाज चढवला. "असं कसं पण? झेल गेल्यावर धाव? कुणी दिली? अंपायर कोण होता?"

"टॅग अप, मम्मी," पोरगी टोस्ट गिळत म्हणाली. "आफ्टर कॅच कॅन रन लाह. एव्हरीबडी नोज."

"तू गप्प बस, आत जा!"

ताईनं रेकॉर्डिंग बंद केलं, कानाला लावून ऐकलं आणि मामीचा हात हातात घेऊन दाबला.

फाईल त्याच संध्याकाळी गेली. उत्तर शुक्रवारी आलं, मी एमआरटीत उभा असताना. ताईनं मला पुढं पाठवलं. बाईंनी लिहिलं होतं, की या बाई हव्यात, झेलाचा आनंदही ठेवते आणि नंतरचं भांडणही, कापू नका. सही करून पाठवतेय. आणि सोबत, पुढच्या गावाचं काम करू तेव्हा त्या मुलाला गर्दीसाठी ठेवा.

पास वाढला. घरी येऊन मामीच्या पाया पडलो. ती लॅपटॉपवर क्लोजिंग करत होती. तिनं मान वर न करता आशीर्वाद दिला, वाकलेल्या डोक्यावर हलकेच टपली मारली.

"छान झालं," म्हणाली. "पण त्या बाईंना माझा निरोप सांग. ती धाव मी धरत नाही. बरोबरीच आहे."